न्यूट्रिनो प्रकाशाच्या किती मागे राहतो, हे कागदावर कसे काढावे

न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, अतिशय हलका आणि पदार्थातून बहुधा आरपार निघून जाणारा मूलभूत कण. त्याचा वेग किती, या प्रश्नाचे एका ओळीतले उत्तर ‘प्रकाशापेक्षा किंचित कमी’ असे आहे. पण हे ‘किंचित’ म्हणजे नेमके किती, ते कोणत्या ऊर्जेच्या न्यूट्रिनोसाठी, आणि ते कळले कसे, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला फारसा अर्थ राहत नाही. बारावीपर्यंतचे गणित आणि एक साधा कॅल्क्युलेटर एवढ्या भांडवलावर याची उत्तरे कोणालाही काढता येतात. त्यासाठी आधी न्यूट्रिनोच्या वस्तुमानावरून फरक किती असायला हवा हे काढावे, मग तो प्रत्यक्ष निरीक्षणांशी ताडून पाहावा. या क्रमाचा फायदा असा की, उद्या एखाद्या प्रयोगशाळेने खळबळजनक आकडा जाहीर केला, तरी तो खरा मानायचा की थांबायचे हे आपले आपल्याला ठरवता येते.

तुलना कशाशी करायची

तुलना करायची ती निर्वात पोकळीतल्या प्रकाशवेगाशी, म्हणजे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर या आकड्याशी. हा आकडा आता मोजला जात नाही, तो ठरवलेला आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते, त्यामुळे तो धरताना पुढेमागे पाहण्याचे कारण नाही. पाण्यात मात्र प्रकाशाचा वेग याच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो आणि तेथे न्यूट्रिनोच काय, पुरेशी ऊर्जा असलेला इलेक्ट्रॉनही प्रकाशाला मागे टाकतो. अशा वेळी निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश निघतो, आणि जपानमधील कामिओका येथील पाण्याच्या प्रचंड टाक्यांमध्ये न्यूट्रिनो टिपले जातात ते याच प्रकाशामुळे. म्हणून ‘न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने गेला’ असे कोठे वाचले, तर पहिला प्रश्न माध्यमाचा विचारावा.

दोन वेगांतला फरक मीटरमध्ये न मांडता अपूर्णांकात मांडणे सोयीचे असते. प्रकाशवेगातून न्यूट्रिनोचा वेग वजा करावा आणि वजाबाकीला प्रकाशवेगाने भागावे. या अपूर्णांकाला प्रवासाच्या काळाने गुणले की न्यूट्रिनो किती वेळ मागे पडला ते मिळते, आणि अंतराने गुणले की किती अंतराने मागे पडला ते मिळते. पुढची सगळी गणिते याच एका राशीची आहेत.

वस्तुमानावरून वेग काढण्याची रीत

न्यूट्रिनोला वस्तुमानच नसते तर तो नेमका प्रकाशाच्या वेगाने गेला असता आणि हा विषय तेथेच संपला असता. कणभौतिकीच्या प्रमाण प्रारूपात बराच काळ तसेच गृहीत धरलेले होते. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने आणि २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने दाखवून दिले की, न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. तीन प्रकारच्या न्यूट्रिनोंची वस्तुमाने परस्परांपासून वेगळी असल्याशिवाय हे घडत नाही. ताकाआकी काजिता आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक याच कामासाठी मिळाले.

प्रकार बदलण्याच्या या मोजमापांतून वस्तुमानांचे आकडे थेट मिळत नाहीत, त्यांच्या वर्गांतील फरक मिळतात. त्यांवरून एवढे निश्चित होते की, तिघांपैकी निदान एका न्यूट्रिनोचे वस्तुमान ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली नाही. (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे खरे तर ऊर्जेचे एकक; कणाचे वस्तुमानही त्याच्याशी समतुल्य ऊर्जेच्या रूपात याच एककात सांगतात.) वरची मर्यादा जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील कॅट्रिन प्रयोगाने घातली आहे. ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपाच्या किरणोत्सारात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अत्यंत बारकाईने मोजून या प्रयोगाने २०२५ मध्ये ही मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आणली. तुलनेसाठी, इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. काटेकोरपणे बोलायचे तर टिपलेला प्रत्येक न्यूट्रिनो हा तीन वस्तुमानांचे मिश्रण असतो आणि म्हणून त्याला एकच वेग आहे असे म्हणणेही सैलच ठरते. परंतु आपल्याला वरची आणि खालची हद्द हवी आहे, आणि त्यासाठी ०.४५ व ०.०५ हे दोन आकडे पुरेसे आहेत.

आता सूत्र. आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार, कणाच्या विराम-ऊर्जेला, म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग या राशीला, त्याच्या एकूण ऊर्जेने भागावे, भागाकाराचा वर्ग करावा, तो १ मधून वजा करावा आणि उरलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. जे येईल ते कणाच्या वेगाचे प्रकाशवेगाशी असलेले गुणोत्तर. वस्तुमान इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्येच सांगितलेले असल्याने विराम-ऊर्जा वेगळी काढावी लागत नाही. आकडा तोच वापरायचा.

सूत्र बिनचूक आहे, पण कॅल्क्युलेटरवर ते चालत नाही. ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमान आणि १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असे आकडे घालून वर्गमूळ काढले की पडद्यावर सरळ १ उमटतो. याचा अर्थ न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने गेला असा नव्हे. यंत्राजवळ तेवढे दशांश नसतात, इतकाच. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्येही उत्तर भरवशाचे राहत नाही, कारण तेथेही सुमारे पंधरा अंकांपर्यंतच हिशेब धरला जातो. म्हणून वर्गमूळाच्या वाटेला न जाता द्विपद विस्तारातले पहिले पद वापरावे: वस्तुमान भागिले ऊर्जा, त्याचा वर्ग, आणि त्याचा निम्मा. हाच प्रकाशवेग आणि न्यूट्रिनोचा वेग यांतील अपूर्णांकी फरक. ऊर्जा वस्तुमानाच्या शंभर पटींहून जास्त असली, तरी या सोप्या रीतीतली चूक दहा हजारांत एकाच्याही आत राहते, आणि न्यूट्रिनोंच्या बाबतीत ही पट बहुतेक वेळा लाखांत किंवा कोटींत असते.

वरचेच उदाहरण पुरे करू. ०.४५ भागिले १ कोटी म्हणजे साडेचार भागिले १० कोटी. त्याचा वर्ग सुमारे २० भागिले १० चा १६ वा घात. त्याचा निम्मा केला की १ भागिले १० चा १५ वा घात एवढा अपूर्णांक उरतो. म्हणजे न्यूट्रिनोचा वेग प्रकाशवेगाच्या ०.९९९९९९९९९९९९९९९ पट; दशांशचिन्हापुढे पंधरा नऊ. याला प्रकाशवेगाने गुणले तर फरक सेकंदाला एका मीटरच्या एक कोटी भागांतील तीन भागांएवढा येतो. दोघे एकाच क्षणी निघाले, तर तासाभरात प्रकाश १०८ कोटी किलोमीटर जातो आणि न्यूट्रिनो त्याच्यापेक्षा जेमतेम १ मिलिमीटर मागे असतो. हीदेखील वरची हद्द झाली. वस्तुमान ०.०५ धरले तर हा मिलिमीटर आणखी ८१ पटींनी आखूड होतो.

येथे एक नियम लक्षात ठेवला की पुन:पुन्हा गणित मांडावे लागत नाही. ऊर्जा दहापट झाली की मागे पडणे शंभरपटीने घटते; वस्तुमान दहापट झाले की ते शंभरपटीने वाढते. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या संमीलनात निघणाऱ्या बहुसंख्य न्यूट्रिनोंची ऊर्जा ३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे वरच्या उदाहरणाच्या सुमारे ३३ पटींनी कमी. फरक साहजिकच अकराशे पटींनी वाढतो. तरीही पृथ्वीपर्यंतच्या १५ कोटी किलोमीटरच्या वाटचालीत हा न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा फार तर १७ सेंटिमीटर मागे राहतो. ही तुलना अर्थातच गाभ्यातून विनाअडथळा निघालेल्या काल्पनिक किरणाशी आहे. सूर्याच्या गाभ्यातली प्रकाश-ऊर्जा प्रत्यक्षात अडखळत, ठेचकाळत पृष्ठभागावर यायला हजारो वर्षे घेते, आणि न्यूट्रिनो मात्र दोन-अडीच सेकंदांत सूर्याबाहेर पडतो. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

१९८७ च्या अतिनवताऱ्यावर पडताळा

एवढा बारीक फरक मोजायचा तर प्रवास प्रचंड लांबीचा हवा. तसा प्रवास २३ फेब्रुवारी १९८७ रोजी पृथ्वीवर येऊन संपला. मोठा मॅजेलनी मेघ या आपल्या शेजारच्या लहान दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, सँड्युलिक -६९ २०२ हा निळा महाराक्षसी तारा कोसळला आणि त्याचा अतिनवतारा झाला, म्हणजे प्रचंड स्फोट होऊन तो एकाएकी उजळला. जागतिक वेळेनुसार सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी, म्हणजे भारतात दुपारचे १ वाजून ५ मिनिटे झालेली असताना, कामिओकाच्या शोधक-यंत्राने (पुढे नुसते ‘शोधक’) ११, अमेरिकेत ओहायो राज्यातील मिठाच्या खाणीतल्या शोधकाने ८ आणि कॉकेशसमधील बाक्सान येथील शोधकाने ५ न्यूट्रिनो टिपले. पृथ्वीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून त्या काही सेकंदांत अब्जावधी न्यूट्रिनो आरपार गेले होते. हाती लागले ते एवढेच. न्यूट्रिनो टिपणे किती चिकाटीचे काम आहे हे भारतीय शास्त्रज्ञांना तोवर चांगलेच ठाऊक होते. वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो जगात प्रथम १९६५ मध्ये सापडले, त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने ओसाका आणि डरहॅम येथील सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल केलेल्या प्रयोगाचा वाटा होता.

अतिनवताऱ्याचा प्रकाश मागाहून आला. ९ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास न्यूझीलंडमधील अनुभवी निरीक्षक अल्बर्ट जोन्स यांनी आकाशाचा तोच भाग पाहिला होता आणि त्यांना तेथे काही वेगळे दिसले नव्हते. १० वाजून ३८ मिनिटांनी ऑस्ट्रेलियात घेतलेल्या छायाचित्रात तो उजळलेला आहे. म्हणजे न्यूट्रिनो प्रकाशाच्या तब्बल तीन तास आधी पोहोचले.

घाईने वाचणारा येथेच फसतो. दादरहून पुण्याला गेलेल्या दोघांपैकी जो आधी पोहोचला त्याचीच गाडी वेगवान होती, असे त्यांच्या निघण्याच्या वेळा विचारल्याखेरीज म्हणता येत नाही. ताऱ्याचा गाभा कोसळला त्या क्षणापासून काही सेकंदांतच न्यूट्रिनो बाहेर पडले, कारण ताऱ्याचे बाह्य थर त्यांना जवळजवळ अडवतच नाहीत. प्रकाशाला मात्र वाट पाहावी लागली. स्फोटाची आघात-लहर ताऱ्याच्या आतून पृष्ठभागापर्यंत पोहोचेपर्यंत बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि एवढ्या आकाराच्या ताऱ्यात त्या प्रवासाला काही तास लागतात. तीन तासांची आघाडी ही निघण्यातली होती.

मग यावरून वेगाबद्दल काहीच कळत नाही का? कळते, आणि बरेच कळते. पद्धत अशी: निघण्याच्या वेळांबद्दलचे आपले सगळे अज्ञान या तीन तासांत आहे असे मानावे, आणि सर्वांत प्रतिकूल बाजू घेऊन हा सगळा फरक वेगामुळेच पडला असे समजावे. १ लाख ६८ हजार वर्षांचे सेकंद ५.३ लाख कोटी होतात. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागाकार २ भागिले १०० कोटी. म्हणजे न्यूट्रिनो आणि प्रकाश यांच्या वेगांत फरक असलाच, तर तो दोन्हीपैकी कोणत्याही बाजूने साधारण ५० कोटींत एका भागाहून जास्त नाही. अंतराच्या आकड्यात पाच टक्के चूक असली तरी उत्तर पाचच टक्क्यांनी हलते, आणि कामिओकाचे घड्याळ त्या दिवशी मिनिटभर मागेपुढे असण्याची शक्यता होती, तिनेही येथे काही बिघडत नाही. इतक्या ढोबळ सामग्रीतून इतकी कडक मर्यादा मिळावी, हे सगळे श्रेय अंतराचे.

आता आपल्या सैद्धांतिक आकड्याकडे परत यावे. १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रिनोसाठी अपूर्णांक १ भागिले १० चा १५ वा घात होता. त्याला ५.३ लाख कोटी सेकंदांनी गुणले तर सुमारे ५ मिलिसेकंद येतात, आणि वस्तुमान ०.०५ धरले तर जेमतेम ६५ मायक्रोसेकंद. पावणेदोन लाख वर्षांच्या प्रवासानंतरची ही पिछाडी! तीन तासांच्या अनिश्चिततेत ती कोठेच दिसणार नाही, हे उघड आहे.

तरीही या चोवीस न्यूट्रिनोंकडून आणखी एक गोष्ट काढून घेता येते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ती सर्वांत देखणी युक्ती आहे. कारण तिच्यात प्रकाशाची गरजच उरत नाही. न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो जास्त ऊर्जेच्या न्यूट्रिनोंपेक्षा मागे पडले पाहिजेत. म्हणून न्यूट्रिनोंची शर्यत प्रकाशाशी न लावता आपापसांत लावावी. कामिओकाच्या नोंदीत पहिल्या न्यूट्रिनोनंतर ०.३०३ सेकंदांनी ७.५ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टची (मेगा म्हणजे दहा लाख) एक नोंद आहे आणि १.५४१ सेकंदांनी ३५.४ ची एक आहे. हे आकडे न्यूट्रिनोच्या टक्करीतून निघालेल्या पॉझिट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित जुळ्याचे आहेत. मूळ न्यूट्रिनोची ऊर्जा त्याहून सुमारे १.३ ने जास्त, म्हणजे ८.८ आणि ३६.७ धरावी. समजा न्यूट्रिनोचे वस्तुमान २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. वरच्या रीतीने पहिल्याची पिछाडी सुमारे १३.७ सेकंद येते आणि दुसऱ्याची ०.८ सेकंद. तरीही पहिला सव्वा सेकंद आधी पोहोचला. याचा अर्थ तो ताऱ्यातून दुसऱ्याच्या चौदा सेकंद आधी निघाला असला पाहिजे. कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो बरोबर तेवढे आधी निघाले आणि नेमके आपल्यापाशी येऊन सगळ्यांची गाठ पडली, असा योगायोग मानावा लागतो. त्यापेक्षा वस्तुमान २० पेक्षा बरेच कमी आहे असे मानणे सयुक्तिक, आणि १९८७ मध्ये अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी तसाच निष्कर्ष काढला. वस्तुमान १० धरून वाचकांनी हेच गणित करून पाहावे. पिछाड्या एक-चतुर्थांश होतील आणि योगायोग तितका अशक्यप्राय वाटणार नाही. या सामग्रीची ताकद कोठे संपते, हे त्यावरून आपोआप कळते.

प्रयोगशाळेतला आकडा तपासताना

पृथ्वीवरच्या प्रयोगांत अंतर लहान असते, पण न्यूट्रिनो कधी निघाला हे आपल्याच हातात असते. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ऑपेरा. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो इटलीतील ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६०.७ नॅनोसेकंद आधी पोहोचतात, असे या गटाने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले. अशी बातमी हाती आल्यावर काय काय पाहावे, ते याच उदाहरणावरून घेऊ.

पहिल्यांदा आकडा समजून घ्यावा. अंतर सुमारे ७३० किलोमीटर, त्यामुळे प्रकाशाला लागणारा वेळ २.४३६ मिलिसेकंद. ६०.७ नॅनोसेकंदांना त्याने भागले की साधारण ४० हजारांत एक असा अपूर्णांक येतो. अंतरात सांगायचे तर न्यूट्रिनो प्रकाशाच्या १८ मीटर पुढे. या उलट, वस्तुमानामुळे होणारी खरी पिछाडी आपल्या रीतीने काढली, तर १७ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (गिगा म्हणजे शंभर कोटी) ऊर्जेसाठी ती १ सेकंद भागिले १० चा २४ वा घात याच्या आसपास येते. ती मोजता येईल असे घड्याळ नाही. म्हणजे असा प्रयोग ‘न्यूट्रिनो किती मागे राहतो’ हे सांगूच शकत नाही; काही अघटित घडते आहे का, एवढेच तो सांगू शकतो.

दुसरे, अंतर कोणते धरले ते पाहावे. न्यूट्रिनो जमिनीच्या पृष्ठभागावरून जात नाही, तो सरळ रेषेत पृथ्वीच्या पोटातून जातो आणि मध्यावर सुमारे साडेदहा किलोमीटर खोल असतो. पृष्ठभागावरचा कंस या जीवेपेक्षा सुमारे ४०० मीटरने लांब भरतो. कोणी नकाशावरचे अंतर घेऊन भागाकार केला, तर १,३०० नॅनोसेकंदांची चूक होईल, म्हणजे दाव्याच्या वीसपटींहून अधिक. ऑपेराच्या गटाने अर्थातच असे केले नव्हते. त्यांनी जीपीएस आणि बोगद्यातले भूमापन यांच्या आधारे हे अंतर २० सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरवले होते. २००९ मध्ये लाक्विला येथे झालेल्या भूकंपाने प्रयोगशाळा सुमारे ७ सेंटिमीटर सरकली, तेही त्यांच्या मापनात दिसते. न्यूट्रिनो वाटेत असताना पृथ्वीच्या परिवलनाने ग्रान सासो सुमारे ८० सेंटिमीटर पुढे जातो, त्यासाठीची दोनेक नॅनोसेकंदांची दुरुस्तीही त्यांनी केली होती.

तिसरे, त्रुटी. ऑपेराने ६०.७ या आकड्यासोबत ६.९ ही सांख्यिकी त्रुटी आणि ७.४ ही पद्धतीतली त्रुटी दिली होती. दोघींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की १०.१ येते, म्हणजे निष्कर्ष त्रुटीच्या सहापट. याच्याशी २००७ च्या मिनोस प्रयोगाची तुलना करावी. अमेरिकेत फर्मीलॅबपासून ७३४ किलोमीटरवर मिनेसोटात टिपलेले न्यूट्रिनो त्यांना १२६ नॅनोसेकंद लवकर आलेले दिसले होते, म्हणजे ऑपेराच्या दुपटीने! पण त्रुटी ३२ आणि ६४, एकत्रित ७२. निष्कर्ष त्रुटीच्या दुपटीलाही पोहोचत नव्हता, म्हणून त्याचा कोणी गाजावाजा केला नाही. बातमी वाचताना मुख्य आकड्यापेक्षा हे गुणोत्तर आधी पाहावे.

सहापट म्हणजे भक्कम. तरीही निष्कर्ष चुकीचाच निघाला, आणि तो कसा, हे नीट पाहण्यासारखे आहे. त्रुटीच्या यादीत ज्यांचा विचार झाला तेवढ्याच गोष्टी येतात. जीपीएसचा वेळ-संकेत जमिनीवरून ८.३ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूने पर्वताखालच्या प्रयोगशाळेत नेला जात असे. त्या तंतूचा जोड पूर्ण घट्ट बसलेला नव्हता. त्यामुळे पलीकडच्या प्रकाशग्राहीवर प्रकाश कमी पडे, संकेत ठरलेल्या पातळीला उशिरा पोहोचे, आणि भूमिगत घड्याळ सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी मागे राही. मागे पडलेल्या घड्याळावर येणारा प्रत्येक पाहुणा लवकर आल्यासारखा दिसणारच. दुसऱ्या एका घड्याळाचा आंदोलक किंचित जलद चालत होता; त्याचा परिणाम उलट दिशेचा, सुमारे १५ नॅनोसेकंदांचा. दोघांची वजाबाकी केली की जवळपास सगळा दावा त्यात जिरून जातो.

ही गोष्ट ऑपेराच्या स्वतःच्या फेरतपासणीतून निसटली होती, हे येथे विशेष नोंदवले पाहिजे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी सर्नकडून अवघ्या ३ नॅनोसेकंदांचे छोटे झोत मागवले. आधीचे झोत साडेदहा मायक्रोसेकंद लांब होते, त्यामुळे कोणता न्यूट्रिनो झोतातल्या कोणत्या क्षणी निघाला हे एकेकट्याबाबत सांगता येत नव्हते. नव्या झोतांतले वीस न्यूट्रिनो मिळाले आणि उत्तर ६२ नॅनोसेकंद आले. शंकेची एक वाट यामुळे बंद झाली खरी. पण घड्याळ तेच, तंतू तोच, जोडही तोच. त्याच घड्याळाने पुन्हा मोजल्यावर उत्तर जुळले, तर त्यातून घड्याळाची खात्री होत नाही. खरी खात्री वेगळ्या मार्गाने झाली: शेजारच्या एलव्हीडी या शोधकातून आणि ऑपेरातून आरपार जाणाऱ्या वैश्विक किरणांतील म्यूऑनांच्या (इलेक्ट्रॉनसारख्या, पण जड कणांच्या) वेळा वर्षानुवर्षांच्या नोंदींतून ताडून पाहिल्या, तेव्हा २००८ च्या मध्यापासून ऑपेराचे घड्याळ सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेले आढळले.

दरम्यान इकारस या त्याच पर्वताखालच्या प्रयोगाने मार्च २०१२ मध्ये फरक ०.३ नॅनोसेकंद, म्हणजे व्यवहारतः शून्य, असल्याचे सांगितले. जूनमध्ये क्योटो येथील परिषदेत ग्रान सासोच्या चारही प्रयोगांचे निष्कर्ष मांडले गेले आणि सगळे प्रकाशवेगाशी जुळले. ऑपेराचा स्वतःचा सुधारित आकडा ६.५ नॅनोसेकंद, त्रुटी साधारण ११.

आणखी एक कसोटी कोणालाही त्याच दिवशी लावता आली असती. ऑपेराचा अपूर्णांक १९८७ च्या न्यूट्रिनोंना लावला, तर ते प्रकाशाच्या चार वर्षांहून अधिक आधी, १९८२ च्या अखेरीस येऊन गेले असते. यावर एक रास्त आक्षेप आहे: अतिनवताऱ्याच्या न्यूट्रिनोंची ऊर्जा ऑपेराच्या न्यूट्रिनोंच्या हजारपटींहून कमी होती, आणि वेग ऊर्जेनुसार बदलत असेल तर दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात. म्हणून ही कसोटी एकटी निर्णायक नाही. तिच्या जोडीला अँड्र्यू कोहेन आणि शेल्डन ग्लॅशो यांचा युक्तिवाद घ्यावा. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा न्यूट्रिनो वाटेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या उत्सर्जित करून ऊर्जा गमावत गेला असता आणि ग्रान सासोपर्यंत साडेबारा गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो जवळपास उरलेच नसते. इकारसच्या नोंदींत ते हवे तेवढे होते. या काळात इटलीच्या शिक्षण मंत्रालयाने सर्न ते ग्रान सासो अशा ‘बोगद्याच्या बांधकामातील’ योगदानाचा अभिमानाने उल्लेख करणारे पत्रक काढले होते. ७३० किलोमीटरचा असा बोगदा कोठेही नाही. न्यूट्रिनोला त्याची गरजही नसते.

सोपी रीत कोठे चालत नाही

महास्फोटानंतर सुमारे एका सेकंदाने मोकळे झालेले न्यूट्रिनो आजही विश्वात सर्वत्र आहेत, असे विश्वशास्त्र सांगते. ते अजून कोणी थेट टिपलेले नाहीत, पण विश्वाच्या प्रसरणाने त्यांचे तापमान आज १.९५ केल्व्हिनपर्यंत उतरलेले असणार. त्यांच्या सरासरी संवेगाला प्रकाशवेगाने गुणले तर येणारी राशी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दोन हजाराव्या भागाएवढी, सुमारे ०.०००५३ भरते. ही राशी ०.०५ या वस्तुमानापेक्षाही पुष्कळ लहान आहे, त्यामुळे ‘वर्ग करून निम्मा’ ही रीत येथे मुळीच लावू नये. येथे संवेगाच्या या राशीला एकूण ऊर्जेने भागावे, आणि वस्तुमान एवढे वरचढ असताना एकूण ऊर्जा म्हणजे जवळजवळ विराम-ऊर्जाच. ०.०००५३ भागिले ०.०५ केले की प्रकाशवेगाचा शंभरावा भाग येतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,२०० किलोमीटर. वस्तुमान कॅट्रिनच्या मर्यादेइतके, ०.४५ धरले, तर वेग सेकंदाला ३५० किलोमीटरपर्यंत खाली येतो. सूर्याच्या परिसरातून आकाशगंगेबाहेर सुटायला सेकंदाला ५०० किलोमीटरहून अधिक वेग लागतो. तेव्हा वस्तुमान या टोकाला असेल, तर हे न्यूट्रिनो दीर्घिकांभोवती काहीसे गोळा झालेले असले पाहिजेत.